दोन्ही सारखे पाहून घेतले

मोटारसायकल घ्यायला आलेला माणूस टाकीचा रंग पाहतो, सीट दाबून पाहतो, हॉर्न वाजवतो, ॲव्हरेज किती ते दहादा विचारतो. पुढचं चाक ज्यांनी धरून ठेवलेलं असतं त्या दोन पायांकडे तो ढुंकून पाहत नाही. धानोऱ्याला माझं गॅरेज होतं तितकी वर्षं मी येईल त्याला सांगत राहिलो, की बाप्पा, इंजिन बंद पडलं तर तू फक्त पायी चालशील. हे पाय गेले तर तोंडावर पडशील. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात तोंडावर पडून यायचे.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढचा प्रत्येक पाय दोन नळ्यांचा असतो. वरून येणारा चकचकीत पाइप, आणि त्याच्यावर खालून मोजा चढवावा तशी चढवलेली जाड ॲल्युमिनियमची नळी. या खालच्या नळीला आम्ही बॉटम म्हणतो. चाकाचा दांडा दोन बॉटमच्या टोकांत बसतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की पाइप बॉटममध्ये खाली घुसतो, तेल त्याला अडवतं, आणि धक्का तुमच्या मनगटापर्यंत पोचत नाही. बॉटमच्या तोंडाशी रबराचं सील असतं. ते फाटलं की तेल बाहेर आणि नाल्याचं पाणी आत. आमच्याकडच्या गाड्यांचे पाय खोलले की तेलाऐवजी दुधाचा चहा निघायचा.

त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आमच्या भागात डांबर कमी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या जास्त. पुढचं चाक चाकोरीत अडकणार, नाल्यातल्या धोंड्यावर आपटणार, नाही तर संध्याकाळी रानडुक्कर आडवं येणार. बॉटम फुटायचे. आणि बॉटम फुटलेली गाडी ढकलताही येत नाही. म्हणून हे काम बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करावं लागायचं. पिशवीत पाने, हातोडी, सील, तेलाचा डबा भरायचा आणि एसटीत बसायचं.

घरी जाऊन काम करणं म्हणजे काय ताप असतो ते ज्याने केलं त्यालाच माहीत. गॅरेजमध्ये मी मालक असतो. अंगणात गाडी उभी केली की मी पाहुणा होतो आणि पाहुण्याला सगळे शिकवतात. कोंबड्या नटबोल्ट टोचतात. आजोबा म्हणतात, आमच्या काळी सायकलला हे काही नव्हतं. साडू येऊन सांगतो, वेल्डिंग करून टाका ना. त्यातून एखाद्याने मी येण्याआधीच गाडी खोललेली असते. एका कंपाउंडरने मला बोलावलं तेव्हा त्याची पुढची अर्धी गाडी स्वयंपाकाच्या गंजात भरून ठेवली होती, आणि त्याची बायको भात कशात शिजवू म्हणून माझ्यावरच डाफरली. बॉटमच्या तळाला एक बोल्ट असतो, तो आतल्या दांड्याला धरून बसतो. पाना लावून फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. कंपाउंडर दिवसभर तो फिरवत बसला होता. "भाऊ, ढिला तं झाला, पण निघून नाई राह्यला," असं तो मला सांगत होता, आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. वरून बांबूची काठी टोकाला तासून आत ठोकायची, ती दांड्याच्या तोंडात रुतते, दुसऱ्या माणसाने ती घट्ट धरायची, मग बोल्ट सुटतो. आमच्याकडे बांबूला तोटा नाही, एवढी एकच गोष्ट या धंद्यात माझ्या बाजूने होती.

पण ज्या कामाने मला सगळ्यात जास्त वैताग दिला आणि जे मी अजून विसरलो नाही, ते देवरावच्या गाडीचं.

देवराव हा ढीवर. धानोऱ्यापासून आत, रस्ता सोडून जंगलाच्या कडेला त्याचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव. तलावात तिथल्या ढीवर कुटुंबांची मासेमारी. एसटीत मासळीच्या पाट्या घेत नसत, कंडक्टर दारातूनच परतवायचा. म्हणून देवरावने जुनी शंभर सीसीची गाडी घेतली होती. मागे दोन्ही बाजूंना डबे बांधून तो गडचिरोलीहून बर्फ आणायचा आणि मासळी घेऊन जायचा. आपलीच नाही, साऱ्या गावाची. उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. वर्षाची मोठी मासळी तेव्हाच निघते. आणि उन्हाळ्यात मासळी दुपार धरत नाही.

जाळं ओढायच्या चार-पाच दिवस आधी देवरावची बायको सुमनबाई माझ्या गॅरेजात आली. डोक्यावर पाटी. पाटी तिने माझ्या बाकड्यावर ठेवली. वास आला म्हणून मी म्हटलं, "बाई, आज मासे नको."

"मासे नाई, भाऊ. पाहा तं खरं."

पाटीत फुटका बॉटम होता. जिथे चाकाचा दांडा बसतो तिथूनच तडकून अर्धा गेलेला.

"डुक्कर आडवं आलं," ती म्हणाली. "गाडी मोरीवर आदळली. हे गेले उडून. तोंड फुटलं, पण हातपाय साबूत आहेत. गाडीचाच पाय तुटला."

दुसरा बॉटम कसा आहे, विचारलं. चेपलेला आणि गळका. मी म्हटलं, मग दोन्ही बदलावे लागतील, ते चंद्रपूरला मिळतील, मी मागवतो. तर ती म्हणाली, "ते कालच गेले आणाले. डोक्याले पट्टी बांधून एसटीनं गेले. तुमी फक्त बसवाले या."

गिऱ्हाइकाने स्वतः सामान आणलं की हमखास काहीतरी चुकीचं निघायचं. पण म्हटलं, या गाडीचे बॉटम म्हणजे काही अवघड मागणी नाही. दुकानदार जोडीच देतो.

जाळं पडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पोचलो. देवरावचा चेहरा सुजून एक डोळा मिटलेला, पण तोंड चालू. अंगणात चिंचेखाली आम्ही गाडी स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडाचा ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं. ब्रेकची तार, मीटरची तार, चाक, मडगार्ड, सगळं उतरवलं. दोन्ही पाय ओढून काढले. तेल निघालं ते नेहमीचंच, दुधाच्या चहासारखं. पाइप वाकले असतील तर नवे बॉटम बसवूनही उपयोग नसतो, म्हणून ते ओसरीच्या फरशीवर लोळवून पाहिले. नशिबाने सरळ होते. सुमनबाईने बांबूची काठी पकडली आणि तिच्या हातात असा जोर की दोन्ही बोल्ट एका झटक्यात सुटले. मला बरं वाटू लागलं होतं. इतका वेळ काहीच बिघडलं नाही, हेच खरं तर खटकायला हवं होतं.

"आणा नवे," मी म्हटलं.

देवरावने आतून पोत्यात बांधलेले बॉटम आणले. मेणकापड सोडलं. मी एक हातात घेतला, मग दुसरा घेतला, परत पहिला घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन बॉटम दिसायला भाऊभाऊ असले तरी जुळे नसतात. चाकाच्या एका बाजूला ब्रेकची प्लेट असते. ब्रेक दाबला की चाकाबरोबर ती प्लेटही फिरू पाहते. तिला अडवायला त्या बाजूच्या बॉटमवर आतल्या अंगाने एक उंचवटा असतो, तो प्लेटच्या खाचेत बसतो. दुसऱ्या बॉटमवर तो नसतो, कारण तिथे अडवायला काही नाही.

माझ्या हातातल्या दोन्ही बॉटमवर उंचवटा नव्हता.

"देवराव," मी म्हटलं, "हे दोन्ही एकाच बाजूचे आहेत."

"हो ना," तो खुशीत म्हणाला. "दोन्ही सारखे पाहून घेतले. दुकानवाला मले एक असा, एक तसा देऊन राह्यला होता. मी म्हटलं, खेड्यातला पाहून फसवते काय? जोडी सारखी पायजे. तो लय बोलला, पण मी आयकलंच नाई."

मी खाली बसलो. जे बोलावंसं वाटत होतं ते सुमनबाईसमोर बोलता आलं नसतं. पण तिनेच ते बोलून घेतलं. इथे लिहिता येत नाही. देवराव तिच्याकडे आणि बॉटमकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"मंग काय झालं?" शेवटी तो म्हणाला. "बसवून टाका ना. पुढचा ब्रेक इथी मारते कोण? मी तं कधी हातच नाई लावत."

"प्लेट मोकळी राहिली तर चुकून ब्रेक दाबला की तार गुंडाळून चाक जाम होईल. तू उडशील. या वेळी मासळीसकट."

"मंग तारच काढून टाका."

"आणि उतारावर भरलेले डबे घेऊन एका मागच्या ब्रेकवर थांबशील? डुक्कर आडवं आलं तेव्हा थांबला होतास का?"

"तुमी बसवा तं. पडलो तं मी पडन."

"तू पडशील, पण गाडी मी बसवलेली असेल. नाही बसवणार."

आवाज चढले. शेजारपाजारचे ढीवर जमले. त्यांचीही मासळी याच गाडीवर जाणार होती. एक जण म्हणाला, तारेने बांधून टाका प्लेट. दुसरा म्हणाला, वेल्डिंग करा. ॲल्युमिनियमला वेल्डिंग कुठून करू? सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, जणू तो उंचवटा मी खाऊन टाकला होता. चंद्रपूरला जाऊन बदलून आणायचं तर त्या दिवशी परत येणं शक्य नव्हतं. उन्हं तापली होती आणि मी पाने पिशवीत भरायला लागलो.

तेव्हा सुमनबाई म्हणाली, "सोमाजीबाबाच्या पोट्ट्याची गाडी हीच आहे ना?"

तलावापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, सोमाजीबाबा राहत. म्हातारे गोंड गृहस्थ, थोडी शेती, बाकी मोहफूल आणि तेंदूपान वेचणं. त्यांचा मुलगा मनोहर धानोऱ्याला एका शाळेत शिपाई लागला होता आणि दसऱ्याला त्याने नवी गाडी घेतली होती. मॉडेल तेच. मी म्हटलं, चला, गाडीच मागून घेऊ एका दिवसासाठी. सुमनबाई आणि मी तलावाच्या पाळीवरून टोल्यावर गेलो.

घरासमोरच्या मांडवात गाडी उभी होती, धुळीचा कण नाही. सोमाजीबाबा बाजेवर बसून दोरी वळत होते. सुमनबाईने सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "गाडी नाई देत."

"एक दिवस, बाबा," मी म्हटलं.

"एक दिवस बी नाई. त्या दिवशी देवराव पडला ना, मीच उचललं त्याले. मोहाखाली होतो. आवाज आला, गेलो तं सारं तोंड रक्तानं भरलेलं. मले वाटलं, मेला. त्या दिवसापासून माह्या पोट्ट्याले बी देत नाई." त्यांनी सदरा वर केला. गाडीची किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती.

आत दारात मनोहर उभा होता. शाळेला उन्हाळी सुट्टी असली तरी त्याला रोज सकाळी जावं लागे, आणि तो सायकलने जाई. चेहऱ्यावर असं काही होतं की बापलेकांचं बोलणं बंद असावं. मी विचारलं नाही.

मला पुन्हा राग आला. एका गाडीला ब्रेक नको, दुसऱ्या गाडीला चालणंच नको. मी वैतागून म्हणालो, "मग बाबा, गाडी राहू द्या तुमच्या मांडवात. तिचा एक पाय तेवढा द्या. परवा परत आणून बसवतो." बोलून टाकलं खरं, पण मागितलेलं मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

सोमाजीबाबांनी दोरी बाजूला ठेवली. "एक पाय काढला तं गाडी चालते?"

"कशी चालेल? ओंडक्यावर उभी राहील."

"मंग किल्ली लावली तरी चालत नाई?"

"नाही."

ते उठलेच. "मंग न्या. आता न्या. परवा नाई आणला तरी चालते."

"बाबा!" दारातून मनोहर ओरडला. "माही गाडी आहे ते!"

"तुही आहे ना. मंग इथंच राहू दे."

सुमनबाई हसू दाबत तलावाकडे पाहू लागली. मला हसू येत नव्हतं, कारण मला एकाच दिवसात दुसरी गाडी खोलायची होती, तीही नवीकोरी, आणि तिचा खरा मालक माझ्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक नटाला "भाऊ, खरचटलं," म्हणत होता. मी त्याला शेवटी बांबूची काठी धरायला लावली. काठी धरून तो हळूच म्हणाला, "भाऊ, परवा नक्की याल ना? नाई तं बाबा कधीच बसवू देणार नाई."

"येईन."

"माह्या शाळेची वाट चढाची आहे. सायकलनं जीव जाते. सांगून राह्यलो तं आयकत नाई."

त्या दुपारी मी मनोहरच्या गाडीचा उंचवट्याचा बॉटम काढला, पाळीवरून परत आलो, देवरावच्या पाइपवर चढवला. दुसऱ्या बाजूला देवरावने आणलेल्यांपैकी एक. नवी सीलं ठोकली, तेल मोजून भरलं, चाक चढवलं. चाकाचा दांडा आवळण्याआधी गाडी पुढून दाबून-दाबून खालीवर करावी लागते, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या रेषेत बसतात. ते करायला सगळे ढीवर पुढे धावले, जणू जाळंच ओढायचं होतं. मग मी देवरावला गाडीवर बसवलं आणि पुढचा ब्रेक दाबायला लावला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो दाबला असावा. "अरे, हे तं थांबते," तो म्हणाला. सुमनबाईने कपाळाला हात लावला.

बर्फ त्याच संध्याकाळी आला. मी तिथेच मुक्काम केला, कारण परतीची एसटी चुकली होती. दुसऱ्या दिवशी जाळं पडलं ते मी पाळीवरून पाहिलं. मोठमोठे रोहू उडत होते. देवराव सुजलेल्या डोळ्याने दोनदा गडचिरोलीला जाऊन आला आणि मासळी सडली नाही. एवढं सगळं नीट झालं तरी त्याने संध्याकाळी मला सांगितलंच, "पाहा भाऊ, मी म्हणून राह्यलो होतो ना, कायी होत नाई म्हणून." माझ्या धंद्यात आभार असेच मिळतात.

चंद्रपूरहून उंचवट्याचा बॉटम मी स्वतः बदलून आणला. या वेळी दुकानदाराला मी दोनदा विचारलं आणि त्याने हात जोडून सांगितलं की तुमच्या त्या पट्टीवाल्या माणसाला आता पाठवू नका.

देवरावच्या गाडीला नवा बसवून मनोहरचा परत द्यायचा, असं सोमाजीबाबांचं म्हणणं. "आमचाच पाय आमाले पायजे." नवीन आणि त्यांचा यात तसूभर फरक नव्हता, पण पटवण्यात अर्थ नव्हता. पुन्हा दोन गाड्या, पुन्हा दोन वेळा तेल. देवरावकडचं काम उरकून मी टोल्यावर पोचलो तेव्हा सोमाजीबाबा मांडवातच होते.

"बसवाच लागते काय?" ते म्हणाले.

"तुमच्या मुलाची गाडी आहे, बाबा."

मी काम सुरू केलं. मनोहर काठी धरायला आला. सोमाजीबाबा ओंडक्याशेजारी उकिडवे बसून पाहत होते. प्लेटच्या खाचेत उंचवटा बसला तेव्हा त्यांनी विचारलं, "हेच ते? याच्याचसाठी तुमी त्या दिवशी देवरावशी भांडले?"

"हेच."

"याच्यानं थांबते?"

मी चाक बसवून सगळं आवळलं. चाक अजून अधांतरीच होतं. मनोहरला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि सोमाजीबाबांना म्हटलं, फिरवून पाहा. त्यांनी दोन्ही हातांनी टायर धरलं आणि खेचलं. चाक हललं नाही. पाय रोवून पुन्हा खेचलं. गाडीच ओंडक्यावर डुगडुगली, चाक तसंच. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तिसऱ्यांदा ते जोर लावत असताना मनोहरने ब्रेक सोडला असता तर ते मागे पडले असते. पण त्याने मूठ आवळूनच ठेवली होती, आणि त्याचे डोळे बापाकडे होते.

सोमाजीबाबांनी टायर सोडलं. धापा टाकत ते खाली बसले. मग करदोड्याची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, घामाने अजून घट्ट झालेली. सुटेना. मी पुढे होणार होतो, पण मनोहर आधीच त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला होता. बापाच्या कमरेची ती गाठ त्याने नखांनी हळूहळू सोडवली.

ओंडका काढला. मनोहरने गाडी सुरू केली आणि टोल्याच्या वाटेवर वळवली. सोमाजीबाबा मला म्हणाले, "तुमी सांगा त्याले, हळू जाय म्हणाव. माहं तो आयकत नाई."

ते मनोहरला तिथूनच ऐकू जात होतं. तरी मी ओरडून सांगितलं, "मनोहर, हळू जा रे!"

"हो बाबा," तो म्हणाला, माझ्याकडे न पाहता.

गाडी मोहाच्या झाडांआड गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, उतारावर बारीक झाला, चढाला पुन्हा वाढला. तो पूर्ण जाईपर्यंत म्हातारा मान एका बाजूला करून ऐकत उभा होता, आणि मीही पाने तसेच हातात धरून उभा राहिलो.